कुत्र्यांना लुगडं बांधणारा माणूस

इरा, नील, गेले तीन रविवार तुम्ही फोनवर टोफूला दाखव म्हणता आणि मी काहीतरी सांगून टाळते. एकदा तो झोपला होता, एकदा सुमन त्याला आंघोळ घालत होती, एकदा मागच्या अंगणात गेला होता. तिन्ही वेळा मी खोटं बोलले. टोफू माझ्याकडे नाही. तो धडधाकट आहे, तेव्हा लगेच रडायला लागू नका. पण तो आता दुसऱ्या एका माणसाकडे राहतो, आणि तो माणूस कोण हे नीट सांगितल्याशिवाय तुमचा कुत्रा मी त्याला का दिला हे तुम्हाला कळणार नाही. फोनवर सांगायला गेले असते तर तुमचा बाबा मधे बोलला असता. म्हणून लिहिते आहे.

आधीच सांगून ठेवते, मला तो माणूस आवडत नव्हता. अजूनही फार आवडतो असं नाही.

त्याचं नाव लिहीत नाही. नाकाडोंगरीत तसंही त्याला कोणी नावानं हाक मारत नसे, सगळे ‘पट्टीवाला’ म्हणायचे. शेवग्याच्या शेंगेसारखा लांब आणि वाळका, कानांतून केस बाहेर आलेले, आणि अंगात खाणीत मिळालेला खाकी शर्ट. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतही अंग भाजतं, तरी त्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. खांद्याला एक पिशवी. पिशवीत जुन्या लुगड्यांच्या फाडलेल्या लांब पट्ट्या. त्या पट्ट्या तो भेदरलेल्या कुत्र्यांच्या अंगाला बांधायचा. छातीवरून घ्यायची, खांद्यांवरून पाठीवर आणायची, तिथे फुली करायची, पोटाखालून फिरवायची आणि कुशीवर सैल अडकवायची. असं केलं की कुत्र्याची भीती उतरते, असा त्याचा दावा होता. ताप उतरतो तशी.

तुमच्याकडे परदेशात याचे वर्ग चालतात, असं तुमच्या आईनं मला सांगितलं होतं. चालत असतील. लोकांना काय, वेळ असतो. पण नाकाडोंगरीत एक म्हातारा भरदुपारी कुत्रीला लुगडं नेसवत बसलेला पाहिला की मला वाटायचं, एवढं शिकूनसवरून मी शेवटी राहायला कुठे आले!

यातली खरी गंमत पुढे आहे. हा माणूस तीस वर्षं खाणीत सुरुंग उडवायच्या कामावर होता. आपल्या घरापासून जवळच मॅंगनीजची उघडी खाण आहे, ती तुम्ही पाहिली आहे. दुपारी दोनच्या सुमारास तिथे भोंगा वाजतो, आणि थोड्या वेळानं जमिनीतून असा हादरा येतो की माझ्या कपाटातल्या बश्या एकमेकींना भेटतात. तो हादरा तीस वर्षं या माणसानं दिला. म्हणजे गावातल्या कुत्र्यांच्या सात पिढ्या ज्यानं भेदरवल्या, तोच निवृत्त झाल्यावर त्यांना शांत करायला निघाला. लोक पापं धुवायला बावनथडीत बुडी मारतात. याचं काम बुडी मारून भागणारं नव्हतं, असं दिसतं.

त्या सुरुंगांनी त्याचे कानही गेले होते. त्यामुळे माणसांशी तो गावाला ऐकू जाईल असा ओरडून बोलायचा. कुत्र्यांशी मात्र इतकं हळू बोलायचा, की ते त्याचं त्यालाही ऐकू येत नसावं. आणि माणूस कोणीही असो, सरपंच असो नाहीतर तहसीलदार, त्याच्यासाठी ‘तू’. आयुष्यभर इंग्रजी शिकवून तुमसरच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईला तो म्हणायचा, “मॅडम, तू सरक.” आणि तुमच्या टोफूला म्हणायचा, “बसा जी. घाई नाही.”

कुत्र्याला हात लावण्याआधी तो हात धुवायचा. जेवणाआधी धुताना त्याला मी पाहिलेलं नाही.

एकदा तो माझ्या फाटकाशी येऊन उभा राहिला.

“मॅडम, तुझ्याकडे जुनं लुगडं हाय का?”

“मी लुगडं नेसत नाही. साड्या आहेत.”

“सुती?”

“सुती.”

मी आतून एक जुनी साडी आणून दिली. चांगली होती, फक्त काठ विरला होता. त्यानं ती गालाला लावून पाहिली. माझ्यासमोर, माझी साडी, गालाला! मग घडी करून परत दिली.

“हे तं कोरं हाय. आखीन धा साल धू, मंग दे.”

स्वयंपाकघरातून सुमन हसली. सुमन म्हणजे माझ्याकडे स्वयंपाकाला येते ती, तुम्हाला माहीतच आहे, नील जिला ‘भाकरीवाली मावशी’ म्हणतो.

“मॅडम, कायले तोंडी लागता जी त्याच्या?” ती म्हणाली. “पगला हाय थो. माझ्या सासूचं लुगडं घेऊन गेला, तं म्हणते कसा, या बाईनं लय सोसलं, म्हणून कपडा नरम झाला.”

“आणि सासू काय म्हणाली?”

“काय म्हणन? रडली. आन् दुसरं बी देऊन टाकलं.”

असे त्याचे भक्त होते. मी त्यांच्यात नव्हते.

माझा खरा राग कशावर होता तेही सांगते, लपवण्यासारखं काही नाही. एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवशी आपल्या विहारासमोर मिरवणूक संपते आणि मग भाषणं होतात. एका वर्षी प्रमुख पाहुणी मी होते. मुलींच्या शिक्षणावर भाषण लिहून, पाठ करून, वेळ लावून तयार केलं होतं. डीजे बंद झाला, मी उभी राहिले, दोन वाक्यं बोलले, आणि पाहते तर समोरचे सगळे लोक मान वळवून मागे बघत आहेत. विहाराच्या मागच्या भिंतीशी हे महाशय जमिनीवर बसलेले. डीजेला घाबरून पळालेली वस्तीतली कुत्री त्यांनी गोळा केली होती. अकरा कुत्री, अकरा लुगडी. कुणाचं हिरवं, कुणाचं जांभळं, एकाच्या पाठीवर तर चक्क जरीचा काठ. ओळीनं बसली होती आणि माझं भाषण ऐकत होती. ऐकणारी तेवढीच होती.

नंतर मी त्याला म्हटलं, “तुम्हाला दुसरी जागा मिळाली नाही?”

तो ओरडून म्हणाला, “तुझा आवाज बरा हाय. एका सुरात बोलते. त्याईले झोप येत होती.”

हे त्यानं कौतुक म्हणून सांगितलं, असं सुमनचं मत आहे.

आता टोफूकडे येते.

तुम्ही त्याला नागपूरच्या फ्लॅटमध्ये वाढवलं. पनीरच्या कुठल्याशा परदेशी भावाचं नाव त्याला ठेवलं, आणि तुमच्या बाबाची नोकरी तिकडे लागली तेव्हा त्याला माझ्याकडे ठेवून गेलात. विमानतळावर इरा मला म्हणाली, “आजी, त्याला जपशील ना? आम्ही येईपर्यंत?” मी हो म्हटलं. मी हो म्हटलं की ते हो असतं, हे बाबाला विचारा.

पण टोफूनं खाण कधी पाहिली नव्हती. पहिल्या आठवड्यात तो भोंग्याला कान टवकारायचा आणि हादरा बसला की पलंगाखाली जायचा. मग भोंगा वाजताच थरथरू लागला. मग जेवण झाल्यावर, भोंगा व्हायला अजून तासभर असताना, दारात उभा राहून धापा टाकू लागला. आणि मग पळू लागला. दोन वर्षांत तीनदा पळाला, तिन्ही वेळा एकाच दिशेनं, खाणीच्या उलट, म्हणजे जंगलाकडे. तिसऱ्यांदा सापडला तेव्हा पुढचा पंजा फाटलेला होता. वनरक्षक मला म्हणाला, “मॅडम, कुत्र्याले बांधून ठेवा जी. नाल्यात बिबट्याचे पाय उमटले आहेत. चौथ्या खेपेले मी आणून नाही देऊ शकणार.”

बांधून ठेवलं तर टोफू स्वतःची शेपटी चावायचा, रक्त येईपर्यंत. तुमसरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की तो दिवसभर भिंतीला धडकत फिरे. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. तुमच्या परीक्षा होत्या.

शेवटी सुमन म्हणाली, “एक डाव त्या पगल्याले बोलवून तं पाहा.”

मी निरोप पाठवला, दुपारी एक वाजता यावं. तो सकाळी आठला आला. ओसरीवर, टोफूपासून दहा हात लांब, टोफूकडे पाठ करून बसला. चहा प्यायला. भोंगा झाला, हादरा बसला, टोफू पलंगाखाली गेला, हा उठून घरी गेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, फक्त चहा दोनदा.

“तुम्ही काही करणार आहात का?” मी कानाशी जाऊन विचारलं.

“करून राहिलो ना.”

“काय?”

“बसून राहिलो.”

माझं घर वेळापत्रकावर चालतं. नऊला वर्तमानपत्र, अकराला बाग, साडेबाराला जेवण. त्या तीन दिवसांत एक धड झालं नाही, कारण ओसरीवरून जाताना पावलांचा आवाज करायचा नाही, पेपर फडफडवायचा नाही, असा हुकूम होता. माझ्याच घरात!

चौथ्या दिवशी टोफू उठला आणि जाऊन त्याच्या पाठीचा वास घेऊ लागला. मग पट्टीवाल्यानं हात हलवला. डोक्यावर नाही, हे मी नीट पाहिलं. आधी हाताची मागची बाजू खांद्याला टेकवली. मग बोटांच्या टोकांनी कातडी जागच्या जागी जराशी फिरवली, लहान लहान गोल. एक गोल, मग थांबायचं. दुसरा गोल, मग थांबायचं. मग कान, मुळापासून टोकापर्यंत, लांब आणि हळू.

“किती दाबायचं?” मी विचारलं. माझ्या हातात वही होती.

“सीताफळ पिकलं का नाही पाहाले दाबते ना तू, तेवढं. त्याच्याहून जास्त नाही.”

मी लिहून घेतलं. मग त्यानं पट्टी बांधली. पट्टीखाली दोन बोटं जायला हवीत. पाठीच्या कण्यावर काही बांधायचं नाही. थोड्या वेळानं सोडायची, दिवसभर ठेवायची नाही. हेही लिहून घेतलं. भोंगा झाला. टोफू उभा राहिला, थरथरला, पट्टीवाल्याकडे पाहू लागला. हादरा बसला. टोफूनं मोठा श्वास सोडला आणि खाली बसला.

मी मनात म्हटलं, योगायोग.

आठवडाभर हा योगायोग रोज झाला. मग मी त्याला सांगितलं, “उद्यापासून मी करीन.”

“तू?”

“मी. सगळं लिहून घेतलं आहे.”

तो माझ्या वहीकडे पाहत राहिला. “बरं,” म्हणाला, आणि आपली पट्टी माझ्याकडे ठेवून गेला.

मुलांनो, इथे मी जे केलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ती पट्टी मला मळकी दिसली. मी ती सोड्यात उकळली, कडक खळ दिली आणि इस्त्री केली. सैल अडकवलेली कुठलीही गोष्ट मला बघवत नाही, म्हणून कुशीवर गाठ मारली. गाइडच्या शिबिरात शिकवतात ती, कितीही ओढली तरी न सरकणारी. रोज एक चाळीसला पट्टी, दोनला भोंगा, अडीचला मोकळा. टोफू ओसरीच्या मधोमध उभा राहायचा, पुतळ्यासारखा. पळणं नाही, धापा नाहीत, आवाज नाही. तुम्हाला आठवत असेल, मी त्याला तसा फोनवर दाखवला होता आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. मलाही फार बरं वाटलं होतं. पद्धत समजली की माणसाची गरज उरत नाही, असं मी सुमनला म्हणालेही.

आठ-दहा दिवसांनी पट्टीवाला फाटकातून आत डोकावला. टोफूकडे बराच वेळ पाहत राहिला.

“मॅडम, हा शांत नाही. हा चुप हाय.”

“त्यात काय फरक आहे?”

“तुले नाही माहीत?” त्यानं खरोखर आश्चर्यानं विचारलं. “तुझ्या वर्गात पोट्टे चुप राहत म्हणतात.”

आत सुमनच्या हातातलं लाटणं थांबलं.

तो ओणवा झाला. “याचा पंजा पाह्य. ओला हाय. भेवानं पंज्याले घाम सुटते. डोळ्याचं पांढरं दिसून राहिलं. शेपटी पोटात गेली. हे उभं राहणं नाही मॅडम, हे मरून राहणं हाय. सोड ती गाठ.”

मी म्हटलं, “मी शाळा चालवली आहे. मला कोणी शिस्त शिकवू नये.” आणि फाटक लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भोंगा लवकर झाला. मी नुकती गाठ मारून उठत होते, सुमन दार उघडून आत येत होती, आणि टोफू तिच्या पायांमधून गेला. पट्टी अंगावर, गाठ पक्की. फाटकाखालून घुसला, पट्टीचं टोक मागे ओढत. हादरा बसला तेव्हा तो शेताच्या बांधावरून जंगलाकडे जाताना मला शेवटचा दिसला.

मी चप्पल न घालता निघाले. सुमन पट्टीवाल्याकडे धावली. तो होता तसा आला, पिशवीही न घेता. वाटेत मी हाका मारायला लागले, तर त्यानं माझ्यासमोर हात आडवा धरला. ओरडणारा तो माणूस, आणि मला म्हणतो, “बोंबलू नोको. तुझ्या आवाजात भेव हाय.”

मोहाची झाडं संपतात तिथे घाणेरीचं रान माजलं आहे. टोफू त्यात अडकला होता. पट्टीचं टोक काट्यांत गुंतलं होतं आणि तो जितका ओढत होता तितकं ते मानेकडे सरकून आवळत होतं. गाठ सुटत नव्हती. न सुटण्यासाठीच मारली होती मी. टोफूची जीभ बाहेर आली होती.

पट्टीवाला पुढे झाला आणि थांबला. डोळे मिटून नुसता उभा. मला वाटलं, आता याला काय झालं?

“बार पुरे नाही झाले,” तो म्हणाला. “मी पायानं मोजले. दुसरी खेप बाकी हाय. त्याच्या आत काढ याले. नाहीतं हा झटका देईन आन् गळा आवळन.”

“पट्टी कुठे आहे तुमची? नरम?”

त्यानं शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. मी तोंड फिरवणार होते, पण फिरवलं नाही, कारण शर्टाखाली मला जे दिसलं ते मी आधी ओळखलं आणि मग समजले. छातीवरून, खांद्यांवरून, पाठीवर फुली, पोटाखालून कुशीपर्यंत. लुगड्याची पट्टी. धुऊन धुऊन रंग गेलेली. अगदी कुत्र्यांना बांधायचा तशीच, दोन बोटं जातील एवढी सैल.

“भोंगा होते तं मले बी लागते,” तो म्हणाला. एवढंच.

त्यानं ती अंगावरून उलगडली आणि माझ्याकडे दिली. देताना त्याचे हात कापत होते. तीस वर्षं त्या हातांनी बार भरले होते. आता ते वाऱ्यातल्या पानांसारखे हलत होते आणि त्याला ते थांबवता येत नव्हते.

“माझ्यानं नाही होत. तू कर.”

वही घरी होती. मी घाणेरीत गुडघे टेकून बसले. साडी फाटली, हात ओरखडले. गाठ नखांनी सुटेना, खळीनं दगड झाली होती. शेवटी मी ती दातांनी सोडली. माझे किती दात माझे आहेत हे तुम्हाला माहीत आहे. टोफू माझ्या तोंडापाशी श्वास घेत होता आणि मी त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, काय ते आठवत नाही. मराठीत होतं एवढं खरं. गाठ सुटली. मी ती नरम पट्टी नुसती त्याच्या पाठीवर टाकली, तिच्यावरून दोन्ही हात ठेवले आणि धरून बसले, आवळल्याशिवाय. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा.

भोंगा झाला. मग हादरा बसला. माझ्या हातांखालून तो टोफूच्या अंगातून गेला, डोक्यापासून शेपटीपर्यंत. आणि निघून गेला. टोफू माझ्याजवळच होता.

मी मान वर केली. पट्टीवाला मोहाच्या झाडाला टेकून खाली बसला होता, उघडा, दोन्ही हातांनी स्वतःला कवळून. डोळे घट्ट मिटलेले. दात वाजत होते. हादरा केव्हाच संपला होता, त्याचा संपला नव्हता. मी काय करायचं ते मला कळेना. परक्या पुरुषाच्या पाठीवर हात ठेवायची आपली रीत नाही, आणि मी तर त्याला काल फाटकाबाहेर काढलं होतं.

टोफू उठला. लंगडत त्याच्याकडे गेला, त्याच्या कुशीला अंग लावलं आणि सगळा भार टाकून टेकून बसला. हळूहळू त्या माणसाचा एक हात सुटला आणि टोफूच्या खांद्यावर आला. एक गोल. थांबला. दुसरा गोल. दात वाजायचे थांबले.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “शर्ट दे.” मी दिला. परतताना सगळ्या वाटेत तो एकच वाक्य बोलला, तेही वैतागून. “खळ कायले दिली?”

त्यानंतर टोफू रोज जेवण झालं की आपण होऊन त्याच्या घरी जायचा आणि हादरा बसला की परत यायचा. मी अडवलं नाही. तीन पावसाळे असेच गेले. टोफू पुन्हा पळाला नाही आणि शेपटीला केस आले. पट्टीवाल्याबद्दल माझं मत मात्र बदललं नाही. तो तसाच अडाणी, हेकट आणि उद्धट राहिला. गेल्या पोळ्याला माझ्या नव्या पडद्यांना हात पुसले, तेही कुत्र्याला लावण्याआधी धुतलेले.

या उन्हाळ्यात तो घरात पडला आणि उठायला त्याला दोन दिवस लागले. एकोडीहून त्याची मुलगी आली. तिथे तिच्या सासरची धानाची शेती आहे. त्याला न्यायला आली होती, पण तो ऐकेना. ती माझ्याकडे येऊन रडली.

“मॅडम, तुमचं ऐकते जी थो.”

“तो कोणाचंही ऐकत नाही. त्याला ऐकूच येत नाही.”

पण गेले. त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, “एकोडीला खाण नाही.”

“नाही?”

“नाही. धानाच्या बांध्या आहेत आणि तळं आहे. भोंगा नाही. हादरा नाही.”

त्यानं पिशवीतली एक पट्टी काढून पुन्हा घडी घातली. मग म्हणाला, “दोन वाजता तथी मी काय करू?” पण दुसऱ्या दिवशी तो गाडीत बसला.

जावयाची धान वाहायची छोटी गाडी होती. मागे त्याची ट्रंक, पट्ट्यांची पिशवी, एक खाट. मी निरोप द्यायला गेले होते आणि टोफूचा पट्टा माझ्या हातात होता. पण पट्टा नुसताच हातात होता, टोफू केव्हाच गाडीत चढून त्याच्या पायांशी बसला होता.

त्यानं टोफू मागितला नाही, हे लक्षात ठेवा. जुन्या लुगड्यांशिवाय त्यानं गावात कधी काही मागितलेलं मला माहीत नाही. उलट म्हणाला, “उतरा जी. तुमचं घर अथी हाय.” टोफू उतरला नाही. मग मला म्हणाला, “मॅडम, हाक मार. तुझ्या नातवाईचा हाय हा.”

मी हाक मारली असती तर टोफू आला असता. हे मला नक्की माहीत आहे, आणि म्हणूनच तुम्हाला सांगते आहे. मी मारली नाही. त्या म्हाताऱ्याचा हात टोफूच्या खांद्यावर होता, आणि गाडी अजून सुरूही झाली नव्हती तरी तो हात कापत होता.

“नातवंडांना मी सांगेन,” मी म्हटलं, आणि पट्टा खिडकीतून आत टाकला.

मग तीन रविवार मला सांगता आलं नाही. इरा, ‘जपशील ना’ असं तू विचारलं होतंस आणि मी हो म्हटलं होतं. ते हो मी मोडलं की पाळलं, हे तू ठरव. राग आला तर मला लिही. मराठीत लिही, आणि पाठवण्याआधी एकदा वाचून बघ. डिसेंबरात आलात की आपण एकोडीला जाऊ. इथल्या बाकीच्या कुत्र्यांचं आता दोन वाजता कोण बघतं, असं नील विचारेल. तो विषय वेगळा आहे.

काल दुपारी त्या मुलीचा फोन आला होता. आवाजात काळजी होती.

“मॅडम, तुमचा कुत्रा बिमार तं नाही ना जी? जेवण झालं का बाबाच्या खाटेखाली जाते आन् चारी पाय वर करून झोपते. पोट उघडं टाकून. पाय हालवून पाहिला, तरी उठत नाही. डॉक्टरले दाखवू का?”

मी म्हटलं, नको, बरा आहे तो, झोपू दे.

पाच वर्षांत माझ्या घरी तो असा एकदाही झोपला नव्हता. हे मी तिला सांगितलं नाही.